गजभियांच्या हातातलं मनगट

गजभियांशी हस्तांदोलन केलं की आपला हात लगेच परत मिळत नसे. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी हात पुढे केला, नाव सांगितलं. त्यांनीही सांगितलं. चौथा मजला आला तरी माझा हात त्यांच्याच हातात होता. त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर आतल्या बाजूनं टेकलेली आणि नजर लिफ्टच्या आकड्यांवर. दार उघडलं तसे म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी. चहा झालेला दिसतो."

मी घरी येऊन नीलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं, "सहाव्या मजल्यावर एक ज्योतिषी राहायला आलेत. मराठी आहेत." ती संध्याकाळी ओळख करून घ्यायला गेली आणि हसत परत आली. "ज्योतिषी कसले! मोठ्या सरकारी दवाखान्यात हृदयाचं सीटी मशीन चालवतात. आणि तुम्हाला म्हणे चहा कमी करायला सांगा."

माणूस ओळखण्यात माझी ही अशी प्रगती. मी एका मंत्रालयात अनुवादक होतो. तीस वर्षं मी एका भाषेतल्या न समजणाऱ्या गोष्टी दुसऱ्या भाषेत तितक्याच न समजणाऱ्या करून ठेवल्या. पुस्तकं पुष्कळ वाचली होती, त्यामुळे माणसं आपल्याला कळतात असा माझा समज होता. गजभियांबद्दल लिहिताना तो समज कसा उतरला तेही लिहावं लागेल. हळूहळू लिहितो. घाईनं लिहिलं की मी बरा दिसायला लागतो.

गजभिये भंडाऱ्याकडचे. दिल्लीत येऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी बोलण्यात मधूनच 'बाप्पा' आणि 'काहून' यायचं. बुटके, केस पांढरे, शर्टाच्या खिशात नेहमी बडीशेपेची डबी. आम्ही सकाळी तळ्याच्या बागेत फिरायला जाऊ लागलो आणि मला त्यांच्या कामाची माहिती तिथे मिळत गेली.

"शरीरातल्या बाकी सगळ्यांचे फोटो काढणं सोपं आहे साहेब," ते म्हणायचे. "लिव्हर पडून असतं. मेंदू तर विचार करतानाही जागचा हलत नाही. हे एक काळीजच असं आहे बाप्पा, क्षणभर उभं राहायला तयार नाही. आणि आपल्याला त्याच्या अंगावरच्या, शेवयांएवढ्या नळ्या बघायच्या असतात. ते जितकं सावकाश चालेल तितका फोटो साफ. धावत असलं की सगळं पुसट."

म्हणजे ठोके साठाच्या आसपास आणायचे. त्यासाठी आधी गोळी देतात. पण गोळीला मर्यादा असते, आणि तिच्यापुढचं काम गजभियांचं. मशीन नवं होतं, एका ठोक्यात अख्खं हृदय टिपणारं, पण त्या एका ठोक्यासाठी माणूस शांत करून देणं मशीनला जमत नव्हतं.

"घाबरलेल्याला 'घाबरू नका' कधीच म्हणायचं नाही," ते सांगायचे. "तो लगेच विचारात पडतो, की का बरं, घाबरण्यासारखं काय आहे इथे? फौजी आला तर पोस्टिंग कुठं कुठं झाली ते विचारायचं. आजी आल्या तर नातवाचं विचारायचं. सुनेचं नाही. सुनेचं एकदा विचारलं होतं, सरळ एकशे दहा!"

माझं दुखणं त्यांच्यापुढे आलं तेही मी एखाद्या ललित लेखासारखं मांडलं होतं. म्हणालो, "हल्ली संध्याकाळी छातीत काहीतरी दाटून येतं."

"वाचताना की चढताना?"

"चढताना. मेट्रोच्या जिन्यावर."

ते थांबले. माझं मनगट धरलं, पण आकडा सांगितला नाही. "उद्या माझ्यासोबत चलायचं. काहून म्हणून विचारायचं नाही."

मी अर्थातच विचारलं. मग तीन आठवडे टाळलं. माझा ईसीजी साधारण ठीक होता, माझ्या मते ती पित्ताची तक्रार होती, आणि मंत्रालयात माझ्यावाचून अडेल असं एक काम होतं. ते काम पुढे माझ्यावाचून दोन महिने व्यवस्थित चाललं. गजभिये मात्र रोज सकाळी बागेत विचारत राहिले, "मग साहेब, उद्या?" शेवटी त्यांनी नीलाला गाठलं. नीलाला गाठल्यावर माझ्या बाजूला कुणी उरत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. या तपासणीला येणाऱ्यांसाठी त्यांच्या विभागाला सूचनांची एक पत्रिका हिंदीत हवी होती आणि गजभियांनी ती वर्षभरापूर्वी माझ्याकडून करून घेतली होती. दोन पानं भरून, उपकलमांसह, मी ती करून दिली. त्यांनी आदरानं घडी करून खिशात ठेवली आणि खोलीच्या दारावर स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून लावल्या: चहा नाही. कॉफी नाही. विडी-सिगारेट नाही. खोटं नाही.

तपासणीच्या दिवशी मी त्याच दारातून आत गेलो. गजभियांनी मनगट धरलं.

"चहा?"

"नाही."

बोटं तशीच राहिली. "एक की दोन?"

"दीड," मी म्हणालो. "आणि तो आपला घरचा, आलं घालून. तो काही..."

"साहेब, त्या पत्रिकेत चहाचं कलम कितवं होतं?"

"तिसरं."

"घरी जा. गुरुवारी या. वहिनींना सोबत आणा."

ज्या माणसानं सूचना लिहिल्या, त्यालाच त्या न पाळल्याबद्दल परत पाठवण्याची ही त्या विभागातली पहिलीच वेळ होती, असं नंतर तिथल्या नर्सबाईंनी नीलाला कौतुकानं सांगितलं.

गुरुवारी मी कोरडा गेलो. गोळी घेऊन तासभर बसलो. त्या गार खोलीत पाठीवर निजवून त्यांनी छातीवर तारा चिकटवल्या, दंडात सुई लावली. "औषध आत जाईल तेव्हा कमरेखाली एकदम गरम वाटेल. वाटेल की पँट ओली झाली. झालेली नसते. आजवर कुणाचीच झाली नाही. उठून बघायचं नाही." मग काचेपलीकडच्या खोलीत गेले आणि त्यांचा आवाज स्पीकरमधून येऊ लागला.

"चौऱ्याऐंशी. साहेब, काहीतरी शांत आठवा."

अशा प्रसंगासाठी माझी तयारी होती. आयुष्यभर वाचलेल्या कवितांचा उपयोग अखेर होणार होता. मी मनातल्या मनात एक आवडती कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ आठवेना. चाळीस वर्षं ही कविता मी लोकांना ऐकवत आलो आणि आता तीच...

"ब्याण्णव! काय आठवताय?"

"कविता."

"बिल्कुल बंद करा! ऑफिसात काय काम करता ते सांगा. सविस्तर सांगा."

मी सांगू लागलो. दर तीन महिन्यांनी एक प्रगती अहवाल जातो. त्यात किती पत्रं आली, किती पत्रांना हिंदीतून उत्तर गेलं, याचा तक्ता असतो. तो आधी विभागाकडून येतो. मग आम्ही तो तपासून परत पाठवतो. मग तो दुरुस्त होऊन येतो, त्यात नवी चूक असते...

"अठ्ठावन्न," स्पीकर हळूच म्हणाला. "वा. आता बोलू नका. श्वास घ्या. धरा."

काहीतरी माझ्याभोवती घुमून गेलं, अंगातून कढत पाणी वाहिल्यासारखं झालं, आणि संपलं. गजभिये आत आले ते डोळे पुसत. "तुमच्या नोकरीत दम आहे साहेब. गोळीनं जमलं नाही ते तक्त्यानं केलं. हसू दाबता दाबता माझेच ठोके वाढले."

पण हसणं तेवढ्यापुरतंच. फोटो पाहिल्यावर ते कुणालाही काही सांगत नसत. "मी काढतो, वाचतात डॉक्टर," हा त्यांचा नियम. मलाही काही बोलले नाहीत. फक्त मी कपडे करायला उठलो तर म्हणाले, "राहू द्या, पडून राहा जरा," आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर माझं हृदय फिरवून दाखवलं. समोरून उतरणारी मोठी नळी एका जागी दोऱ्याएवढी उरली होती. आणि खाली, हृदयाच्या भिंतीचा एक छोटा तुकडा काळपट दिसत होता. बाकी सगळीकडे औषध पोचलेलं, तिथे नीट पोचलेलं नव्हतं.

"ये छोटा अटैक आ चुका है," त्या म्हणाल्या. "पिछले महीनों में कभी तेज़ दर्द हुआ था? पसीना?"

मला आठवलं. एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ, छोले-भटुरे, आणि घरी परतल्यावर छातीत दुखून बनियन भिजलेलं. मी ओवा खाल्ला होता, गरम पाणी प्यायलो होतो. सकाळी उठल्यावर आपल्या घरगुती वैद्यकाबद्दल नीलापुढे थोडी बढाईही मारली होती. म्हणजे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि मी त्याच्यावर ओवा खाल्ला. आयुष्यात एवढा निर्भय मी एकदाच वागलो आणि तेही माहीत नसताना.

दुसऱ्याच दिवशी नळीत स्टेंट बसवले. वॉर्डात गजभिये आले, मनगट धरलं. "अडुसष्ट. आता माणसात आलात."

त्यानंतर माझं जे झालं ते नव्यानं धर्म स्वीकारलेल्या माणसाचं होतं. मी सोसायटीत दिसेल त्याला हृदयाबद्दल सांगू लागलो. लिफ्टमध्ये लोक माझ्याबरोबर चढेनासे झाले. आणि ज्यानं मला वाचवलं, त्याच्यावर तर मी विशेष मेहनत घेतली.

"गजभिये, तुमचं वय छप्पन. साखर आहे. बीपीच्या गोळ्या आहेत. मशीन तुमच्या हातात आहे. मग स्वतःचा सीटी का काढून घेत नाही?"

"माझा नंबर लागायचाय अजून," ते म्हणायचे आणि बडीशेप पुढे करायचे.

त्यांच्या फिरण्याबद्दलही माझी तक्रार असे. डॉक्टरांनी मला भरभर चालायला सांगितलं होतं. गजभिये निम्म्या वाटेवर थांबायचे, भाजीवाल्याशी नाहीतर माळ्याशी गप्पा छाटत. "तुम्ही व्हा पुढे साहेब, मारून या चक्कर. हा माणूस काय म्हणतो ते ऐकून घेतो." मी चक्कर मारून आलो तरी तो माणूस काहीतरी म्हणतच असायचा. मी नीलाला म्हणायचो, "आळशी आहे बिचारा. बोलण्यात वेळ घालवतो."

मग महाराष्ट्र दिन आला. सोसायटीतली आणि आसपासची आम्ही चाळीसेक मराठी माणसं क्लबहाउसमध्ये जमतो. गाणी होतात, मुलं तोडक्या मराठीत नाटुकलं करतात, शेवटी पुरणपोळी. त्या वर्षी मी 'माझ्या हृदयाचा मजकूर' या विषयावर भाषण केलं. दीडाची, ओव्याची, तक्त्याची गोष्ट सांगितली. लोक हसत होते. मला चेव आला. गजभिये पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी. त्यांच्याकडे हात करून मी म्हणालो:

"आमच्या या गजभियांनी अर्ध्या दिल्लीला त्या मशीनमधून काढलं. पण स्वतः मात्र आजवर आत शिरले नाहीत! काचेपलीकडून लोकांना 'श्वास धरा' सांगणारा हा माणूस, स्वतःवर वेळ आली की श्वास धरून पळतो!"

सभागृहात हशा पिकला. गजभिये सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. टाळी वाजवली. वहिनी मात्र उठून पुरणपोळ्यांच्या टेबलाकडे गेल्या आणि मांडून ठेवलेली ताटं पुन्हा मांडू लागल्या. ते मी पाहिलं. वाटलं, वाढण्याची वेळ झाली असेल.

जिना उतरताना गजभिये म्हणाले, "झकास झालं साहेब. पाच मिनिटं कमी करता आलं असतं."

त्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्यांना कामावरच छातीत दुखू लागलं. सहकाऱ्यांनी त्यांना तिथल्याच खाटेवर निजवलं. अतिदक्षता विभागात मला दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं सोडलं. त्यांच्या डोक्याशी मॉनिटरचा पडदा होता आणि त्यावर आकडा हिरवा चमकत होता.

"बघा," ते म्हणाले, "आता मनगट धरायचं कामच राहिलं नाही."

मी तरीही त्यांचं मनगट धरलं. मला मोजता येत नव्हतं, नुसतं धरलं. आणि मी काय बोललो? इतकी पुस्तकं वाचलेला मी बोललो ते असं: "मी सांगत होतो ना गजभिये. वेळेवर फोटो काढून घ्यायला हवा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "बिल्कुल साहेब," ते म्हणाले. "चुकलंच."

चौथ्या दिवशी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात वंदना झाली. भंते बोलले, विभागातली माणसं रडली. मी बोललो नाही. आठवडाभरानं नीला आणि मी वहिनींकडे गेलो. नीला चहा करायला आत गेली. वहिनींनी कपाटातून एक प्लास्टिकची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

"बघा भाऊजी. तुम्हाला वाचायला आवडतं म्हणून देते."

तीत सहा वर्षांचे कागद होते. पहिलाच अहवाल गजभियांच्या स्वतःच्या सीटीचा. साधा, सुईशिवाय, औषधाशिवाय काढलेला. नळ्यांमध्ये चुना साठलाय, पुष्कळ साठलाय, एवढं त्यात दिसत होतं. त्यामागे दर तीन महिन्यांनी केलेल्या रक्ततपासण्या. मूत्रपिंडाच्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. प्रत्येक कागदावर आकडा थोडा वाढलेला.

"साखरेनं किडनी गेली होती त्यांची," वहिनी म्हणाल्या. "पुढचा फोटो काढायचा तर ते औषध टोचावं लागतं, आणि ते टोचलं तर उरलेली किडनीही जायची भीती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर ढकलू, अगदीच गळ्याशी आलं तर बघू. त्या दिवशी गळ्याशी आलं. टोचलं. आणि तसंच झालं."

"म्हणजे त्यांना सगळं..."

"सगळं माहीत होतं. चालता चालता दुखायला लागलं की थांबायचे. जिभेखाली गोळी ठेवायचे. बडीशेपेच्या डबीतच असायची ती."

आत कपबशा वाजल्या. मी फाइलीकडे बघत म्हणालो, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं होतं. त्या भाषणानंतर तर भांडलेच मी. म्हटलं, सांगून टाका त्या माणसाला, चारचौघांत काय काय बोलतो! तर म्हणाले, नको. कुलकर्णीसाहेबांना कळलं तर उद्यापासून माझ्यासाठी हळू चालतील. त्यांना भरभर चालायला सांगितलंय." वहिनींनी पदरानं फाइलीवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "आणि म्हणाले, मजेदार बोलतो गं तो. बोलू दे."

नीलानं चहा आणला. मी प्यायलो.

घरी येऊन मी टेबलाचा खण उघडला. माझी भाषणं मी जपून ठेवतो, तारखेनुसार. महाराष्ट्र दिनाचंही होतं. आजवर मी नीलाला आणि स्वतःला सांगत आलो होतो की ते गजभियांबद्दलचं वाक्य भाषणाच्या भरात तोंडून निघून गेलं. कागदावर ते माझ्याच अक्षरात होतं. आधी 'घाबरून पळतो' लिहिलेलं, ते खोडून वर 'श्वास धरून पळतो' केलेलं. शेजारी कंसात, लाल शाईनं, 'हशा'.